ऑपरेशनच्या आधीचे बारा आठवडे

दिल्ली, नोएडा, गुरुग्राममध्ये जागोजागी तपासणी केंद्रं आहेत. कंबर धरली की माणूस आधी तिथे जाऊन एमआरआय काढतो. ‘गादी सरकलीय’, ‘मणक्यात गॅप आलाय’ हे ऐकून घाबरतो आणि थेट ऑपरेशनचं विचारतो. गुडघ्याचंही तेच. ‘वंगण संपलं’ म्हणून इंजेक्शन, त्याने भागलं नाही की सांधेबदल. फिजिओथेरपीची पाळी येते ती बहुधा ऑपरेशन झाल्यावर. हा क्रम उलटा आहे. जुनाट कंबरदुखी आणि झिजेच्या गुडघेदुखीत ज्या उपचाराला भक्कम पुरावा आहे, तोच आपण सर्वांत शेवटी करतो.

आधी एमआरआयबद्दल. पाठ अजिबात दुखत नसलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या गाद्या झिजलेल्या होत्या आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या. वयानुसार केस पिकतात, तशी ही झीज. म्हणून अहवालात झीज दिसली एवढ्यावरून दुखण्याचं कारण सापडलं असं होत नाही.

काही लक्षणं मात्र अंगावर काढू नयेत. लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघेतला भाग बधिर होणं, पायातली ताकद कमी होणं, ताप किंवा वजन घटण्यासह पाठदुखी, कर्करोगाचा पूर्वेतिहास, म्हातारपणी पडल्यानंतरची कळ, यांसाठी तातडीने डॉक्टर गाठावा. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोगही विसरून चालत नाही. तरुण वयात सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ पाठ आखडत असेल आणि हालचालीने मोकळी होत असेल, तर संधिवाततज्ज्ञाला दाखवावं.

ही लक्षणं नसतील तर पहिला उपचार हालचाल. १९९५ साली हेलसिंकीतल्या पालिका कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग झाला. कंबर नुकतीच धरलेल्यांपैकी काहींना दोन दिवस झोपवून ठेवलं, काहींना व्यायाम दिले आणि काहींना झेपेल तसं रोजचं काम चालू ठेवायला सांगितलं. रोजचं काम चालू ठेवणारे सर्वांत लवकर सावरले. दुखणं जुनं झालं की नियोजित व्यायाम लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम, दुखण्याची नीट समज, मानसोपचार, मालिशसारखे उपाय सुचवले आहेत आणि कमरेचा पट्टा व ट्रॅक्शन सरसकट देऊ नये असं स्पष्ट म्हटलं आहे.

गुडघ्याला आधार मांडीच्या स्नायूंचा असतो. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, उताणं झोपून सरळ पाय उचलणं, पाय दुमडून कंबर वर उचलणं असे साधे व्यायाम आठवड्यातून तीनदा, हळूहळू वाढवत करायचे. करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशीही कळ वाढलेली राहिली तर मात्रा कमी करायची. वजन जास्त असेल तर एक किलो घटवल्याने प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. नोव्हेंबरात दिल्लीची हवा बिघडते, बागेतलं फिरणं बंद पडतं आणि दुखणं पुन्हा डोकं वर काढतं. वरचे व्यायाम घरातल्या घरात होतात, म्हणून ते त्या दिवसांत तर सोडूच नयेत.

शिकवणारा हवा. एम्स आणि सफदरजंग रुग्णालयात पुनर्वसन चिकित्सेचे स्वतंत्र विभाग आहेत. विष्णू दिगंबर मार्गावर पंडित दीनदयाळ उपाध्याय संस्था आहे, वसंत कुंजमध्ये इंडियन स्पायनल इंजुरीज सेंटर. खासगी फिजिओथेरपिस्टकडे जाताना त्याची नोंदणी जरूर विचारावी. दिल्लीत त्यासाठी १९९७ पासून कायदा आहे. योगाचाही पर्याय खरा आहे. बोस्टनमधल्या जुनाट कंबरदुखीच्या ३२० रुग्णांवरच्या २०१७ च्या चाचणीत बारा आठवड्यांचा योगवर्ग फिजिओथेरपीइतकाच उपयोगी ठरला. अशोक रोडवरच्या मोरारजी देसाई राष्ट्रीय योग संस्थेत योग शिकता येतो.

औषधं सोबतीला असावीत. गुडघ्याला डायक्लोफिनॅकचं मलम लावणं गोळीपेक्षा सुरक्षित. गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर जठर, मूत्रपिंड आणि रक्तदाबाला त्रास होतो. गुडघ्यातलं स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं, पण दोन वर्षं दर तीन महिन्यांनी ते दिलं तेव्हा कूर्चा अधिक झिजली आणि दुखण्यात फरक पडला नाही, असं २०१७ च्या अमेरिकी चाचणीत आढळलं. स्वतःच्याच रक्तापासून बनवलेलं पीआरपीचं इंजेक्शन महाग असतं. ऑस्ट्रेलियातल्या २८८ रुग्णांवरच्या २०२१ च्या चाचणीत ते मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनहून सरस ठरलं नाही.

शस्त्रक्रियेला तिची जागा आहेच. तत्कालीन पंतप्रधान वाजपेयींचे दोन्ही गुडघे २००० आणि २००१ साली मुंबईच्या ब्रीच कँडीत बदलले गेले. सांधा पुरता झिजलेला असेल, रात्रीची झोप उडाली असेल आणि मन लावून केलेल्या उपचारानंतरही चालणं अवघड असेल, तर ही शस्त्रक्रिया आयुष्य पुन्हा उभं करते. आधी बारा आठवडे व्यायाम करून स्नायू बळकट केलेल्या रुग्णाचे ते आठवडे तेव्हाही वाया जात नाहीत.

अडचण पैशाचीही आहे. आरोग्य विमा साधारणपणे रुग्णालयात दाखल झाल्यावर खर्च देतो. एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली आयुष्मान भारत विम्यात सामील झाली, पण त्यातही बाह्यरुग्ण उपचार बसत नाहीत. म्हणजे ऑपरेशनचा खर्च निघतो आणि ते टाळू शकणाऱ्या फिजिओथेरपीचा रुग्णाच्या खिशातून जातो. वस्तीतल्या सरकारी दवाखान्यात एक फिजिओथेरपिस्ट बसवणं, त्याच्या उपचाराला विम्याचं संरक्षण देणं, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. तोवर ऑपरेशनचा सल्ला मिळाला की डॉक्टरांना निःसंकोच विचारा: बारा आठवडे व्यायाम करून पाहिला तर माझं काही नुकसान होईल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर आजच सुरुवात करा.