शाळेसाठी इंटरनेटची चाळणी घेताना

शाळेत संगणक कक्ष सुरू झाला की विक्रेता दारात येतो. आमची चाळणी बसवा, एकही घाणेरडे पान उघडणार नाही, असे तो सांगतो. संस्थाचालक घासाघीस करतात आणि चेक देऊन मोकळे होतात. वास्तविक किमतीच्या आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. ही चाळणी नेमकी बसते कोठे?

सर्वांत स्वस्त चाळणी डीएनएसची. आपण संकेतस्थळाचे नाव टाइप करतो तेव्हा ते आधी आकड्यांच्या पत्त्यात बदलावे लागते. हे काम करणारी यंत्रणाच अश्लील स्थळांचा पत्ता देण्यास नकार देते. क्लाउडफ्लेअरची २०२० साली सुरू झालेली १.१.१.३ ही मोफत सेवा अशीच आहे. राउटरमध्ये आकडा बदलला की काम झाले. मात्र दहावीतला हुशार मुलगा संगणकातील हा आकडा पाच मिनिटांत फिरवतो. म्हणून विद्यार्थ्यांच्या खात्यास सेटिंग बदलण्याचा अधिकार देऊ नये आणि बाहेरच्या डीएनएसची वाट राउटरवरच बंद करावी. खिशातल्या मोबाइलवर यापैकी कशाचाच उपाय चालत नाही, हेही पालकांना स्पष्ट सांगावे.

महाग चाळणी म्हणजे फायरवॉल. आज बहुतेक संकेतस्थळांचा मजकूर सांकेतिक स्वरूपात येतो, त्यामुळे फायरवॉलला सहसा स्थळाचे नाव दिसते, आतले पान दिसत नाही. आतले पाहायचे तर प्रत्येक संगणकात प्रमाणपत्र घालावे लागते. ते कोण घालणार, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. दुसऱ्या वर्षाचे शुल्कही लेखी घ्या, कारण पहिल्या वर्षी सवलत देऊन नंतर मान धरण्याची रीत या धंद्यात आहे. आणि वर्गणी थांबली की स्थळांची यादी शिळी होते.

चाळणी फार बारीक असली तरी नुकसानच. १९९६ साली इंग्लंडमधील स्कनथॉर्प गावच्या लोकांना अमेरिका ऑनलाइनवर खाते उघडता येईना, कारण गावाच्या नावात यंत्राला शिवी सापडली! आपल्याकडे स्तनांच्या कर्करोगाची माहिती किंवा जीवशास्त्राचा धडा असाच अडतो. उलट रोमन लिपीत लिहिलेली मराठी-उर्दू शिवी इंग्रजी शब्दयादीतून बिनदिक्कत सुटते. तेव्हा पंधरा दिवस चाचणीसाठी मागून घ्या आणि शिक्षकांना स्वतःच्या विषयाची पाने उघडून पाहू द्या. अडलेले पान त्याच तासाला मोकळे करणारा माणूस शाळेतच हवा. अमेरिकेच्या २००० सालच्या कायद्याने इंटरनेटसाठी सरकारी सवलत घेणाऱ्या शाळांना चाळणी सक्तीची केली, पण प्रौढांच्या अभ्यासासाठी ती उघडण्याची मुभाही ठेवली.

स्पॅमचे काम सोपे आहे. जीमेलसारख्या सेवेत गाळणी अंगचीच असते, लहान शाळेने वेगळी विकत घेऊ नये. शाळेच्या स्वतःच्या नावाची ई-मेल असल्यास एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी मात्र करून घ्याव्यात. त्या नसतील तर शाळेच्या नावाने भामटा फी मागू शकतो आणि शाळेचे खरे पत्र पालकांच्या स्पॅममध्ये पडते. कारकुनाने स्पॅमचा कप्पा रोज उघडून पाहावा. शिष्यवृत्तीची मुदत कळविणारे पत्र तेथे पडून राहिले, तर ती चूक यंत्राची असली तरी वर्ष विद्यार्थ्याचे जाते.