ऐकणारा मुलूख आणि आजची कविता

बीड जिल्ह्यातल्या धर्मापुरीचे नाव अभ्यासकांना माहीत असते ते केदारेश्वराच्या मंदिरामुळे. उत्तर चालुक्यकाळातले हे मंदिर आणि त्याच्या बाह्यभिंतीवरच्या सुरसुंदरी यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. दगडात कोरलेले टिकते आणि त्याची मोजमापे घेता येतात. याच मुलखात शतकानुशतके जे बोलले, गायले आणि ऐकले गेले, त्याची नोंद मात्र विरळ आहे. आजचा कवी व्यासपीठावर उभा राहून कविता वाचतो तेव्हा तो या नोंद नसलेल्या परंपरेचा वारस असतो. त्याच्या वाचनाकडे ‘मंचीय’ एवढाच शेरा मारून पुढे जाण्याआधी ही परंपरा पाहायला हवी.

धर्मापुरीजवळचे अंबाजोगाई हे मराठी कवितेचे जुने ठाणे. ‘विवेकसिंधु’कार मुकुंदराजांची समाधी येथे असल्याचे परंपरा मानते, ग्रंथातला काळ शके 1110, म्हणजे इ. स. 1188. सोळाव्या शतकात येथेच दासोपंत होऊन गेले. त्यांची ‘पासोडी’ म्हणजे सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद कापड, ज्यावर पंचीकरणाचा विषय अक्षरांत व आकृत्यांत मांडला आहे. एकट्याने मांडीवर घेऊन वाचण्याची ही वस्तूच नव्हे. ती पसरायची, समोर माणसे बसवायची आणि उलगडून सांगायची. लिखित आणि मौखिक यांच्यामध्ये आज आपण जी भिंत मानतो, ती दासोपंतांच्या काळी या गावात नव्हती.

या मुलखाचा कान तीन ठिकाणी घडला. पहिले ठिकाण जाते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांत माजलगावच्या भीमनगरातल्या बायांच्या ओव्याही आहेत. जात्यावरच्या ओवीत पहिली ओळ बहुधा पुन्हा म्हटली जाते. समोरची बाई ती उचलते, आणि तेवढ्या अवधीत दुसरी ओळ जुळते. म्हणजे पुनरुक्ती ही सजावट नाही. ती म्हणणारीला सुचण्यासाठी आणि ऐकणारीला धरून ठेवण्यासाठी लागणारी उसंत आहे.

दुसरे ठिकाण मुशायरा. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. दरबाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. अंबाजोगाईचे तेव्हाचे नावही मोमिनाबाद. मुशायऱ्यात शायर शेराची पहिली ओळ दोनदा, कधी तीनदा म्हणतो. श्रोत्याला काफिया-रदीफ आधीच ठाऊक असतात. त्यामुळे दुसरी ओळ कुठे जाऊन थांबणार हे त्याला माहीत असते, मात्र ती कोणत्या वाटेने तिथे पोचणार हे माहीत नसते. दाद मिळते ती त्या वाटेला. सुरेश भटांनी मराठी गझलेसाठी श्रोते घडवले, तेव्हा ही रीत मराठवाड्याला नव्याने शिकावी लागली नाही. जाते आणि मुशायरा यांचे सामाजिक अंतर प्रचंड. पण पहिली ओळ पुन्हा म्हणण्याची युक्ती दोन्हीकडे एकच.

तिसरे ठिकाण जलसा. आंबेडकरी जलशांनी आणि वामनदादा कर्डकांसारख्या कवी-गायकांनी गावकुसाबाहेरच्या वस्तीत गीत पोचवले. तिथे कविता ऐकणे म्हणजे आपण कोण आहोत हे चारचौघांत ऐकणे होते. पुढे औरंगाबादेत गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’च्या मेळाव्यांतून दलित कवी मुक्तछंदातली कविता वाचू लागले, तेव्हा चाल गेली, पण ऐकण्यातली ती निकड टिकली.

शहरी मराठीत हा प्रवास वेगळा झाला. 1923 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाने काव्यगायन लोकप्रिय केले. यशवंत आणि गिरीश यांच्या गायनाला गर्दी होई. शतकाच्या उत्तरार्धात विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांनी गायनाऐवजी वाचन रुजवले आणि गावोगाव एकत्र कार्यक्रम केले. गायनात चाल शब्दांना सांभाळून घेते. वाचनात हे काम कवीचा श्वास, थांबा आणि आवाजाची पट्टी यांना करावे लागते.

मुक्तछंदाची खरी अडचण इथेच आहे. डोळा मागे फिरू शकतो, कान फिरू शकत नाही. छापील पानावर ओळ कुठे तुटते ते दिसते. सभेत ती तोडून दाखवावी लागते. म्हणून वाचून दाखवायच्या मुक्तछंदात वाक्याची घडण पुन्हा पुन्हा येते, ठोस वस्तूंची नावे येतात, आणि वळण शेवटाकडे ठेवलेले असते. इंद्रजित भालेराव यांची शेतीची कविता परभणीच्या बोलीतून येते आणि गावात ऐकली जाते, कारण तिने लय सोडलेली नाही आणि तिच्यातली अवजारे श्रोत्याच्या हातातली आहेत.

याच गुणांचे दोष होतात तेही नाकारता येत नाही. शेवटच्या वळणाला टाळी मिळते हे कळले की कविता शेवटासाठीच लिहिली जाते. एक कविता गाजली की दहा वर्षे तीच मागितली जाते, आणि नवी कविता पिशवीतच राहते. मोबाइलवर चित्रित झालेला तुकडा कवीच्या नावाशिवाय फिरतो. तरीही हा दोष कवितेच्या श्राव्यतेचा नाही. एकाच प्रकारच्या श्रोत्यासमोर सतत उभे राहण्याचा आहे.

आणि श्रोता कोण, हा बीड जिल्ह्यात सर्वांत कठीण प्रश्न आहे. यशवंतराव चव्हाणांची पुण्यतिथी 25 नोव्हेंबरला येते, आणि त्या सुमारास अंबाजोगाईत त्यांच्या स्मृतिसमारोहात संगीताबरोबर कविसंमेलनही रंगते. तारीख पुण्यतिथीने ठरलेली आहे, त्यात आयोजकांचा दोष नाही. पण तोवर कारखान्यांची धुराडी पेटलेली असतात. दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातून लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेले असतात. बैलगाडी, कोयता, पाचट, उचल आणि मुकादम हे शब्द कवितेत येतात तेव्हा ज्यांचे ते शब्द आहेत ते फडात असतात. साहित्याचा हंगाम आणि उसाचा हंगाम एकच आहे. दिवाळी अंकाचाही तोच.

म्हणून ऊसतोडीवरची कविता बहुधा ऊस न तोडणाऱ्यांसमोर वाचली जाते. त्या सभेत ती दया जागवते. फडातून आलेल्या माणसासमोर तिला आधी खरी ठरावे लागेल. मोळी कशी बांधतात, उचल कशी फिटत नाही, यात एक शब्द चुकला तरी तिथे हसू होईल. कवीला अशी परीक्षा टाळ्यांपेक्षा जास्त शिकवील.

टोळ्या साधारण गुढीपाडवा ते अक्षय्य तृतीयेच्या दरम्यान परततात. तेव्हा गावात जत्रा, लग्ने, सप्ताह असतात, आणि रात्री माणसे अंगणात बसतात. धर्मापुरीसारख्या गावात एखादे कविसंमेलन त्या दिवसांत ठेवता येईल. पहिली ओवी एखाद्या म्हाताऱ्या बाईने म्हणावी आणि मग कवींनी वाचावे. मानधन, शाल, नारळ यांपेक्षा या क्रमालाच अधिक अर्थ असेल. कारण या मुलखात ऐकण्याची सवय कवीने लावलेली नाही. ती त्याला मिळालेली आहे.