मिक्सर (चटणीचा नव्हे!)

मंडळी, ‘मिक्सर’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आधी येतो तो भारतातून बॅगेत कोंबून आणलेला आणि इथल्या १२० व्होल्टवर मलूल पडलेला चटणीचा मिक्सर. आजचा विषय तो नाही. कार्यक्रमाच्या वेळी हॉलच्या मागे एका टेबलावर शंभरेक बटणांची, लुकलुकत्या दिव्यांची जी पेटी असते, आणि जिच्याकडे बघून आपण सगळेच ‘आवाज वाढवा हो!’ अशा खुणा करतो, ती ही पेटी. आपल्या मंडळात ती चालवता येणारे सध्या अडीच लोक आहेत. (अर्धा मी.) त्यातला एखादा इंडियाला गेला की दुसऱ्याचं नाटकात काम असतं! म्हणून हा लेखनप्रपंच.

काही वर्षांपूर्वी आपल्या मदतनिधीच्या कार्यक्रमाला गावाकडे काम करणाऱ्या एक ताई आल्या होत्या. एवढ्या लांबून आलेल्या बाईंना बोलायला मिळाली होती दहा मिनिटं. त्यांच्या आधी एका उत्साही तरुणाने माइक जवळजवळ तोंडात धरून कराओके गायलं होतं. ते फारच मोठं होतंय म्हणून कुणीतरी (बहुधा मीच) त्या चॅनेलचा सगळ्यात वरचा नॉब खाली आणून ठेवला होता. ताईंचा आवाज मुळातच हळू. मागून हात हलायला लागले. मी खालचं सरकतं बटण पार टोकाला नेलं, तरी ऐकू येईना. मग मेन वाढवला. आधी नुसती खरखर आली, आणि मग कुंईऽऽ! ताई दचकल्या, ‘सॉरी’ म्हणाल्या (चूक माझी, माफी त्यांची!) आणि चार मिनिटांत बोलणं आटपून खाली बसल्या. मागच्या रांगा तोवर चहाला गेल्या होत्या. त्या संध्याकाळी देणगीची किती पाकिटं कोरी राहिली ते मोजण्याचा धीर मला झाला नाही.

तर त्या वरच्या नॉबपासूनच सुरुवात करू.

मिक्सरवर बटणं शंभर दिसली तरी घाबरू नये. एक उभी पट्टी म्हणजे एक चॅनेल, आणि एका चॅनेलला एक माइक किंवा एक वाद्य. सोळा चॅनेलचा मिक्सर म्हणजे एकच पट्टी सोळा वेळा छापलेली. एक पट्टी समजली की मिक्सर बराचसा समजला. आवाज या पट्टीत वरून शिरतो आणि खाली उतरतो, म्हणून वाचायचंही वरून खाली.

सगळ्यात वर, किंवा मागच्या बाजूला, भोकं असतात. तीन पिनांचं गोल भोक एक्सएलआरचं, ते माइकसाठी. दुसरं पाव इंची भोक कीबोर्ड, लॅपटॉप वगैरेंसाठी, त्याला लाइन म्हणतात. दोन वेगळी भोकं कशाला? तर माइकमधून येणारा विद्युत संदेश अगदी क्षीण असतो. १९६६ पासून जगभर वापरात असलेला शुअर कंपनीचा एसएम५८ माइक घ्या. त्याच्यापुढे बऱ्यापैकी मोठ्याने बोललं तरी एक-दोन मिलिव्होल्ट मिळतात. व्यावसायिक उपकरणांची लाइन मात्र सव्वा व्होल्टच्या आसपास असते, म्हणजे शेकडो पटींनी जोरदार. कीबोर्ड माइकच्या भोकात घातला की आवाज फाटतो, आणि माइक लाइनमध्ये घातला की काही ऐकूच येत नाही.

तीन पिना का, हेही सांगून टाकतो, कारण ती युक्ती मला फार आवडते. एका तारेतून आवाज सुलटा जातो, दुसरीतून तोच उलटा, आणि तिसरं त्यांच्याभोवतीचं कवच. वाटेत दिव्यांच्या वायरीतून जी काही घरघर घुसते ती दोन्ही तारांत सारखीच घुसते. मिक्सर या दोन तारांमधला फरक तेवढा घेतो, त्यामुळे घरघर वजा होते आणि आवाज उरतो! म्हणून माइकची केबल शंभर फूट असली तरी चालते. कीबोर्डच्या साध्या केबलला हे कवतिक नाही. ती वीस फुटांच्या पुढे नेऊच नये. स्टेज लांब असेल तर मध्ये डीआय बॉक्स नावाची छोटी डबी लावतात, ती कीबोर्डचा आवाज माइकच्या केबलमधून जाण्याजोगा करते. लॅपटॉप किंवा इलेक्ट्रॉनिक तानपुरा ॲडॅप्टरला लावला की जो ‘हम्म्’ येतो (इथे ६० हर्ट्झचा, भारतात ५० चा), तोही या डबीवरच्या ग्राउंड लिफ्टच्या बटणाने बहुतेक वेळा जातो. ॲडॅप्टरची तिसरी, म्हणजे अर्थिंगची पिन मोडून घरघर घालवणारे महाभाग आहेत. तसं कृपा करून करू नका, जिवावर बेतू शकतं.

आणि ‘४८ व्होल्ट’ असं लिहिलेलं एक बटण असतं. त्याला फँटम पॉवर म्हणतात. कंडेन्सर जातीच्या नाजूक माइकना ही वीज लागते, एसएम५८ ला लागत नाही. कंडेन्सर माइक मुका असेल तर आधी हे बटण बघा. दाबताना मात्र चॅनेल म्यूट करा, नाहीतर असा ‘ठप्प’ आवाज होतो की पहिल्या रांगेतली आजी-आजोबा मंडळी उभीच राहतात.

आता तो वरचा नॉब. त्याला गेन म्हणतात, काही मिक्सरवर ट्रिम. माइकच्या त्या एक-दोन मिलिव्होल्टना कामापुरतं मोठं करणं हे याचं काम. तो ६० डेसिबलपर्यंत नेला तर मूळ संदेश हजारपट होतो. खालचं सरकतं बटण, म्हणजे फेडर, हा नुसता नळ आहे. टाकीत पाणीच नसेल तर नळ कितीही सोडा! माझं तेच झालं होतं. गेन खाली, त्यामुळे ताईंचा आवाज मिक्सरच्या स्वतःच्या खरखरीच्या जेमतेम वर. फेडर शून्याच्या वर आणखी दहा डेसिबल जाऊन संपतो, तो संपला. मग मी मेन वाढवला, आणि त्याने ताईंबरोबर स्टेजवरचे उघडे राहिलेले तबल्याचे दोन आणि पेटीचा एक असे सगळेच माइक वाढले. कुंईऽऽ त्यांनी केली. ताईंचा माइक बिचारा निर्दोष होता.

गेन लावायची रीत सोपी आहे. फेडर खाली ठेवून त्या चॅनेलचं सोलो किंवा पीएफएल बटण दाबायचं आणि माणसाला बोलायला लावायचं. दिवे शून्याच्या आसपास नाचले पाहिजेत, जोराच्या शब्दाला थोडे वर गेले तर चालतील, लाल मात्र लागता कामा नये. इथे एक विनंती : साउंड चेकला ‘हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री’ म्हणू नका. ते सगळेच ठणठणीत म्हणतात आणि प्रत्यक्ष भाषणात पुटपुटतात! आपल्या भाषणाची पहिली दोन वाक्यं म्हणा, गाणाऱ्यांनी तार सप्तकातली ओळ म्हणा. माणूस बदलला की गेन पुन्हा बघायचा. कराओकेचा आणि भाषणाचा माइक वेगवेगळा ठेवला तर उत्तमच.

त्याखाली लो कटचं बटण असतं. ते ७५-८० हर्ट्झच्या खालचं सगळं छाटतं : स्टेजवरची पावलं, एसीची घुर्र, फुंकर. बोलण्याच्या माइकला ते नेहमी दाबलेलं असावं, डग्ग्याच्या माइकला नसावं. मग येतो ईक्यू, म्हणजे हाय, मिड, लो. यावर पुस्तकं लिहिली गेलीत, मी एवढंच सांगतो की वाढवण्याआधी कमी करून बघा. शब्द कळतात ते त, स, क, श या व्यंजनांमुळे, आणि ती असतात दोन-चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात नि त्याच्या वर. वयानुसार कानाला आधी हाच वरचा भाग ऐकू येईनासा होतो. ‘आवाज येतोय पण कळत नाही’ अशी तक्रार आली तर आवाज वाढवण्याऐवजी लो थोडा उतरवा. आणि निवेदनाच्या वेळी एको बंद करा हो! गाण्याला लावलेला एको तसाच राहतो आणि आपले अध्यक्ष विहिरीतून बोलल्यासारखे वाटतात.

पुढचे नॉब ऑक्सचे. स्टेजवर गायकासमोर जो मॉनिटर असतो त्याला कुणाचा आवाज किती, हे इथे ठरतं. या ऑक्सला प्री-फेडर ठेवावं, म्हणजे हॉलमधला आवाज खाली-वर केला तरी गायकाला ऐकू येणारं बदलत नाही. एकोसाठीचा ऑक्स मात्र पोस्ट-फेडर. गायक खुणेने बोट वर करतो तेव्हा बहुधा त्याला हॉलमध्ये नव्हे, मॉनिटरमध्ये आवाज हवा असतो. मी पहिली दोन वर्षं चुकीचंच बटण फिरवत होतो.

शिट्टी का वाजते? स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, तिथून परत स्पीकरमध्ये, असं चक्र सुरू होतं. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टी तीन डेसिबल आधीच वाजते. म्हणजे भाषण चालू असताना तबल्या-पेटीचे माइक म्यूट. स्पीकर नेहमी माइकच्या पुढे प्रेक्षकांच्या बाजूला, आणि वक्त्याला माइक तोंडापासून चार बोटांवर. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’ला यातलं काहीच नव्हतं, गळ्यावरच सगळं भागलं. आपले गळे तसे राहिले नाहीत.

मोठ्या थिएटरात ही चिंता आपली नसते. चँडलर सेंटर फॉर द आर्ट्स १९८९ मध्ये उघडलं, तिथल्या मोठ्या सभागृहात सुमारे दीड हजार खुर्च्या आहेत. अशा ठिकाणी कन्सोलवर जाणकार तंत्रज्ञ असतात, पण तबला हे एक वाद्य असून त्याला माइक दोन लागतात, पेटीचा माइक भात्यासमोर ठेवायचा नसतो, हे आपण त्यांना आधी लिहून दिलं तर त्यांचाही वेळ वाचतो. आता डिजिटल कन्सोल आले आहेत. बेहरिंगरचा एक्स३२ २०१२ मध्ये आला, आणि टॅबलेटवरून मिक्सिंग करणं आपल्यासारख्यांच्याही आवाक्यात आलं. पण पट्टी तीच, क्रम तोच, आणि गेन तिथेही पहिलाच.

कुणाच्या गॅरेजमध्ये जुना कॉर्डलेस माइक असेल तर देणगी म्हणून आणण्याआधी त्याची फ्रिक्वेन्सी बघा. ७०० मेगाहर्ट्झचे २०१० पासून आणि ६०० च्या पट्ट्यातले बहुतेक २०२० च्या जुलैपासून अमेरिकेत वापरायला बंदी आहे, ते पट्टे मोबाइल कंपन्यांकडे गेले.

कार्यक्रम संपल्यावर आधी स्पीकर बंद करा, मग मिक्सर. सुरू करताना बरोबर उलटं, स्पीकर शेवटी. केबल कोपरावर पिळून गुंडाळू नका, आतली तार तुटते. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे सामान गॅरेजमध्ये नको. बाहेर ११० डिग्री असते तेव्हा आत काय होतं ते आपण जाणताच. कपाटात ठेवा, कॉर्डलेस माइकमधले सेल काढून ठेवा.

या वेळी साउंड चेक दुपारीच ठेवला आहे. ज्यांना शिकायचं आहे त्यांनी तासभर आधी या, गेन तुम्हीच लावा. चहा आहे.