खिंडीतला सोबती

लेहच्या विमानतळावर उतरलेला मुंबई-पुण्याचा प्रवासी पहिले दोन दिवस साधा जिना चढतानाही धापा टाकतो. त्याच लडाखमध्ये, झांस्करच्या खोऱ्यात, एक ठेंगणा घोडा पिढ्यान्‌पिढ्या पाठीवर ओझे घेऊन उंच खिंडी ओलांडत आला आहे. तो झांस्करी घोडा.

उंची १२० ते १४० सेंटिमीटर, म्हणजे माणसाच्या छातीएवढी. रंग बहुधा राखाडी, पाय भक्कम, शेपूट लांब आणि दाट. शर्यतीच्या घोड्याचा रुबाब त्याच्यापाशी नाही. पण पाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्माच असतो आणि प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी मिळतो. तेथे रुबाब काय कामाचा? तेथे हवी छाती आणि खात्रीचे पाऊल.

हे बळ येते कोठून? झांस्करीच्या शेजारच्या तिबेटी घोड्यांवरील संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. कमी प्राणवायूला शरीर कसा प्रतिसाद देते, हे ठरवणाऱ्या ‘ईपास-१’ या जनुकात त्यांच्यात बदल आढळला. गंमत अशी, की तिबेटी माणसांनाही उंचीवर तारून नेण्यात याच जनुकाचा वाटा आहे. स्वार आणि घोडा, दोघांनाही पहाडाने एकच धडा दिला!

आता मात्र या घोड्याची वाट अवघड झाली आहे. १९७७ मध्ये पदुम येथे त्याच्या संवर्धनासाठी सरकारी केंद्र निघाले; तरी साध्या तट्टांशी संकर होत राहिला आणि शुद्ध जातीचे घोडे थोडेच उरले. त्यात २०२४ मध्ये निम्मू-पदुम-दारचा रस्ता जोडला गेला. रस्ता नको, असे कोण म्हणेल? हिवाळ्यात बर्फाने कोंडल्या जाणाऱ्या खोऱ्यातील आजाऱ्याला तोच इस्पितळात पोहोचवणार. पण दारात जीप आली, की वर्षभर चारा घालून घोडा कोण पोसणार?

आपल्याला हे नवे नाही. मराठी फौजांना दूरवर नेणारी भीमथडीची तट्टे पुढे विस्मरणात गेली. ती टिकली धनगरांच्या वाड्यांबरोबर, त्यांचा संसार पाठीवर वाहत. म्हणूनच अलीकडे त्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंद होऊ शकली.

जनावराची जात नुसत्या कौतुकाने जगत नाही, ती कामाने जगते. झांस्करीला काम मिळेल का, हाच खरा प्रश्न आहे.