अ‍ॅसिडची बाटली मोरीतून बाहेर काढू या



दसरा-दिवाळी जवळ आली की आपल्या घरी साफसफाईचा धडाका सुरू होतो. डबे-भांडी अंगणात, गोधड्या दोरीवर, जाळ्या-जळमटं खाली. सगळ्यात शेवटी नंबर लागतो संडास-मोरीचा. भांडं पिवळं पडलेलं असतं, कडेला पांढरा क्षार बसलेला असतो. मग दुकानातून सुटं अ‍ॅसिड येतं. ते ओतलं तरी डाग हलत नाही म्हणून एखादी बाई त्यावर थोडी टीसीएल पावडर टाकते. "दोन्ही मिळून जास्त जोर येईल," हा आपला हिशोब. आणि मग एकदम डोळे चुरचुरतात, घशात काटे आल्यासारखं होतं, खोकून खोकून जीव नकोसा होतो. आपण म्हणतो, "वास जरा उग्र आहे," आणि तोंडाला पदर लावून काम पूर्ण करतो.

तो नुसता वास नसतो, बायांनो. तो विषारी वायू असतो. आज त्याचंच जरा नीट समजून घेऊ. आणि घर चकाचक ठेवायला दुसरं काय वापरता येतं, तेही पाहू.

नेमकं होतं काय?

संडास साफ करायचं अ‍ॅसिड म्हणजे बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक आम्ल. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. ग्रामपंचायत विहिरीत, टाकीत टाकते तीच. ही दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ सैनिकांवर हाच वायू सोडला होता. म्हणजे जे हत्यार लढाईत वापरलं, ते आपण दार बंद करून, चार बाय चारच्या संडासात, उकिडवं बसून श्वासात ओढतो.

हा वायू हवेपेक्षा जड असतो. तो वर न जाता खालीच साचतो, आणि घासताना आपलं तोंडही खालीच असतं. बरं, त्रास लगेच थांबला म्हणजे सुटलो असंही नाही. काही वेळा फुफ्फुसांना काही तासांनी सूज येते आणि रात्री दम लागतो. असं झालं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

म्हणून पहिला आणि सगळ्यात मोठा नियम: टीसीएल किंवा ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळायचं नाही. अ‍ॅसिड नाही, लिंबू नाही, व्हिनेगर नाही, घरी केलेलं सालींचं पाणीसुद्धा नाही. आंबट पदार्थ सगळे आम्लच असतात. घरगुती आहे म्हणून टीसीएलबरोबर चालेल, असं होत नाही.

बाटलीची दुसरी गोष्ट

सुटं अ‍ॅसिड बऱ्याचदा पाण्याच्या नाहीतर कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून येतं. उन्हातून खेळून आलेल्या पोराला ती बाटली कशी दिसणार? पाण्याचीच! अ‍ॅसिड हल्ल्याच्या एका खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की ओळखपत्र पाहिल्याशिवाय, नोंद ठेवल्याशिवाय आणि १८ वर्षांखालच्या मुलांना अ‍ॅसिड विकायचं नाही. आपल्या गावच्या दुकानात हे पाळलं जातं का, ते आपणच विचारलं पाहिजे.

चुकून कोणी अ‍ॅसिड प्यायलंच, तर उलटी करायला लावू नका. वर येताना ते अन्ननलिका पुन्हा भाजतं. सोडा किंवा इतर कोणताही उतारा देऊ नका. तोंड पाण्याने धुवा, १०८ ला फोन लावा आणि ती बाटली डॉक्टरांना दाखवायला सोबत घ्या. डोळ्यात उडालं तर डोळा न चोळता वाहत्या स्वच्छ पाण्याखाली १५-२० मिनिटं धरा आणि मग दवाखान्यात जा.

अ‍ॅसिडने संडासही बिघडतो

आपल्यापैकी पुष्कळ घरी दोन खड्ड्यांचे संडास आहेत. खड्ड्यातल्या मैल्याचं खत कोण करतं? डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. आपण वर अ‍ॅसिड, फिनेल ओतत राहिलो की खाली ते जिवाणू मरतात. मग मैला कुजत नाही, वास सुटतो, खड्डा लवकर भरतो. सेप्टिक टँकचंही तसंच. आणि ज्यांच्या मोरीत शहाबादी फरशी आहे त्यांनी तर जपूनच राहावं. शहाबादी म्हणजे चुन्याचाच दगड. अ‍ॅसिड तो खातं. फरशी खरखरीत होते आणि पुढे त्यात जास्तच मळ बसतो. लिंबू-व्हिनेगरही या फरशीवर नको.

मग वापरायचं काय?

आपल्या आज्ज्या दुकानातलं काहीच न आणता घर स्वच्छ ठेवत होत्या. त्यातलं सगळंच बरोबर होतं असं नाही, पण बरंच कामाचं आहे. एकेक पाहू.

भांड्यांना राख. लाकडाची किंवा गोवऱ्यांची राख क्षारयुक्त असते, ती तेलकटपणा धरते. चाळून घ्या, नाहीतर स्टीलवर ओरखडे पडतात. कोळशाची किंवा प्लास्टिक जाळलेल्या चुलीची राख मात्र नको. हाताला भेगा असतील तर राख झोंबते, नंतर थोडं तेल लावा.

जास्त तेलकट कढई, डबे, चिमणी यांना धुण्याचा सोडा. एक लिटर गरम पाण्यात एक चमचा पुरतो. हातमोजे घाला. जर्मनच्या भांड्यांना हा सोडा लावू नका, ती काळी पडतात.

तांब्या-पितळेला चिंच. चिंचेचा कोळ आणि मीठ, नाहीतर लिंबाची पिळलेली फोड. तांब्यावर चढलेला काळपट थर आंबटाने सुटतो. घासून झालं की लगेच धुवा आणि कोरडं पुसा, नाहीतर पुन्हा डाग येतात.

रेशमी साडी, स्वेटर, शालीला रिठा. रिठ्याच्या टरफलात सॅपोनिन नावाचा फेस आणणारा घटक असतो. दहा-बारा रिठे फोडून बिया काढा, एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी १५-२० मिनिटं उकळा, गार झाल्यावर कुस्करून गाळा. दोन-तीन दिवसांत संपवा, ते नासतं. डोळ्यात जाऊ देऊ नका. आणि रिठ्याचं पाणी तळ्यात-ओढ्यात सोडू नका, माशांना ते बाधतं.

संडासाच्या पिवळ्या डागांना लिंबूसत्त्व. दुकानात ते सायट्रिक अ‍ॅसिड म्हणूनही मिळतं. नावात अ‍ॅसिड असलं तरी ते लिंबातलंच आम्ल आहे, सुट्या अ‍ॅसिडपेक्षा खूप सौम्य. रात्री मगभर कोमट पाण्यात दोन-तीन चमचे विरघळवून भांड्यात डागांवर सोडा, सकाळी ब्रशने घासा. जुना थर असेल तर तीन-चार रात्री करावं लागेल. उकळतं पाणी टाकू नका, भांडं तडकेल. नळाच्या तोटीवर आणि बादलीवर बसलेला क्षारही यानेच निघतो. एरवी रोज ब्रश मारला तर डाग बसतच नाहीत, हे तर आपल्याला माहीतच आहे.

कपाटात डांबरगोळ्यांऐवजी कडुलिंबाचा वाळवलेला पाला किंवा वेखंड. डांबरगोळी पोरांना खडीसाखरेसारखी दिसते आणि ती पोटात गेली तर घातक ठरते.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. मोबाइलवर व्हिडिओत खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फसफसताना दाखवतात. फेस बघायला छान वाटतो, पण एक क्षार, एक आम्ल, दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं ते साधं खारट पाणी. सोडा वेगळा वापरा, आंबट वेगळं वापरा.

सालींचं पाणी म्हणजे बायो-एन्झाइम

संत्री, मोसंबी, लिंबाच्या साली आपण उकिरड्यावर टाकतो. त्यांचं फरशी पुसायचं चांगलं द्रावण होतं. प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: १, ३, १०. म्हणजे १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम साली, १ लिटर पाणी.

जाड प्लास्टिकच्या कॅनमध्ये हे सगळं घाला. वरचा चौथा हिस्सा रिकामा ठेवा. काचेची बाटली घेऊ नका. आंबताना गॅस होतो आणि काच फुटते. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून गॅस सोडा, नंतर दोन-चार दिवसांनी. सावलीत ठेवा. कॅनवर तारीख लिहा. तीन महिन्यांनी गाळून घ्या. अर्धी बादली पाण्यात पाव ते अर्धा कप घालून फरशी पुसा. वर पांढरी साय आली तर घाबरू नका. काळी बुरशी आली किंवा कुजका वास सुटला तर मात्र टाकून द्या. गाळलेला चोथा कंपोस्टच्या खड्ड्यात टाका.

कुठे घरगुती पुरत नाही?

हेही स्पष्ट सांगायला हवं. सालींचं पाणी, रिठा, लिंबू हे मळ काढतात. रोगजंतू मारण्याचा त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. घरात जुलाब-उलटीची साथ असेल तर आशाताईला विचारून टीसीएलचं द्रावण वापरा. पण एकटं, दार-खिडकी उघडी ठेवून, त्याआधी टाकलेलं काही असेल तर ते भरपूर पाण्याने धुऊन. पिण्याच्या पाण्याचं शुद्धीकरण थांबवायचं नाही. संडासहून आल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात धुणं थांबवायचं नाही. विषारी गोष्टी कमी करायच्या म्हणजे स्वच्छता कमी करायची नाही.

परसबागेलाही याचा फायदा आहे. सोडा आणि धुण्याच्या पावडरीचं पाणी रोज वाफ्यात गेलं की जमिनीत क्षार साचतात, माती घट्ट होते. ते पाणी शोषखड्ड्यात सोडा. शेवटचं खळबळलेलं पाणी तेवढं झाडांना घाला.

आपल्याच फिनेलचं काय?

आता थोडं अवघड बोलते. आपले काही गट फिनेल, लिक्विड सोप तयार करून विकतात. ती आपली कमाई आहे, ती बंद करा असं कोणी म्हणत नाही. पण तयार करताना हातमोजे आणि चष्मा घालतो का? कॉस्टिक सोडा पाण्यात टाकायचा असतो, सोड्यावर पाणी ओतायचं नसतं, हे सगळ्या जणींना माहीत आहे का? आपला माल कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरतो का? बाटलीवर "पिऊ नये, मुलांपासून दूर ठेवा, दुसऱ्या रसायनात मिसळू नये" असं मराठीत लिहितो का? दुकानदाराला जो प्रश्न विचारायचा, तो आधी स्वतःला विचारू या. आणि ज्यांच्याकडे साली भरपूर निघतात, त्या गटांनी एक-दोन कॅन सालींचं पाणी आधी स्वतःच्या घरी वापरून बघावं. पटलं तरच विकायचा विचार करावा.

पुढच्या बैठकीत

दशसूत्रीत आरोग्याचं सूत्र आहेच. पुढच्या बैठकीत बचत आणि परतफेड झाली की दहा मिनिटं या विषयाला द्या आणि इतिवृत्तात तीन गोष्टी लिहा. एक, प्रत्येक घरातलं अ‍ॅसिड, फिनेल, कीटकनाशक मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंच, बंद जागी ठेवलं का? दोन, दर महिन्याला साफसफाईच्या वस्तूंवर किती खर्च होतो? वहीत मांडा, आकडा बघून आपल्यालाच आश्चर्य वाटेल. तीन, या महिन्यात कोणती एक वस्तू सोडायची?

सगळं एकदम बदलायला जाऊ नका, जमणार नाही. एका महिन्याला एक वस्तू. पहिली अ‍ॅसिडची बाटली. उरलेलं अ‍ॅसिड मोरीत, ओढ्यात ओतू नका. झाकण घट्ट लावून, वर नाव लिहून, कुलपात ठेवा. आणि पुन्हा आणू नका, एवढंच.