रोमन माणसं भेटायची तर मिशिगनला जा

रोमन म्हटलं की कलोसियम आठवतं. पण रोजचं आयुष्य जगणारा रोमन माणूस मला सापडतो तो अमेरिकेत, अ‍ॅन आर्बरच्या केल्सी म्युझियममध्ये!

मिशिगन विद्यापीठानं 1924 ते 1935 या काळात इजिप्तच्या फायूम भागातलं करानिस हे रोमन अमलाखालचं शेतकऱ्यांचं गाव खणलं. कोरड्या वाळूनं लाकूड, कापड, वेत, पपायरस, सगळं जपलं होतं. हजारो वस्तू अ‍ॅन आर्बरला आल्या: लाकडी कंगवे, फासे, टोपल्या, चिंध्यांच्या बाहुल्या, लाकडी खेळणी. संगमरवरी सम्राटांपेक्षा मला यांचीच ओढ जास्त.

एका घराच्या जिन्याखाली तर पत्रांचा साठाच मिळाला. इ.स. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा. क्लॉडियस टेरेन्शियानस हा सैनिक क्लॉडियस टिबेरियानसला ‘बाबा’ म्हणत लिहितो. मागणं काय, तर बूट! महिन्यातून दोनदा पादत्राणं घ्यावी लागतात, ही त्याची तक्रार. पाठवलेली कुदळ वरिष्ठानं काढून घेतली, आता दुसरी पाठवा म्हणतो.

आणि ओळखीचं काय? नाव अस्सल रोमन. पत्रं काही लॅटिनमध्ये, काही ग्रीकमध्ये. नमस्कार मात्र इजिप्तच्या सेरापिस देवाला. यातलं त्याला काहीच परस्परविरोधी वाटत नव्हतं, असं मला ठामपणे वाटतं. ‘रोमन असणं’ म्हणजे एकच भाषा, एकच देव, हे चित्र या जिन्याखालीच मोडतं.

मिशिगनमधल्या मित्रांनो, मुलांना घेऊन नक्की जा. आधी खेळणी दाखवा!