व्हॅनचा फिलर पाइप बदलताना

इंधन जिथून ओततात ते तोंड आणि टाकी यांना जोडणाऱ्या नळीला फिलर पाइप म्हणतात. तिच्याशेजारची बारीक नळी म्हणजे ब्रीदर, जिच्यातून टाकीतली हवा बाहेर पडते. चाकामागे साचलेल्या ओल्या चिखलाने पाइपचा पत्रा गंजतो आणि टाकी काठोकाठ भरली की पेट्रोलचा वास येऊ लागतो. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण आता 20 टक्क्यांपर्यंत गेल्याने जुन्या व्हॅनचे रबर लवकर फुगते वा तडकते, म्हणून जोडनळी इथेनॉलमिश्रित इंधनासाठीचीच घ्यावी, पाण्याची नळी कदापि नव्हे.

टाकी जवळजवळ रिकामी असताना, मोकळ्या हवेत, बॅटरीची ऋण तार काढून आणि आधी चिखल धुऊन काम करावे, कारण क्लिपा सैल करताच तो टाकीत पडतो. चिकटलेले रबर पिळून ओढल्यास टाकीचे नळकांडे वाकते, त्यामुळे रबर उभे चिरून सोलणेच श्रेयस्कर. तोंडाजवळची अर्थिंगची तार, जी स्थिर विद्युत गाडीच्या सांगाड्यात उतरवते, ती पुन्हा जोडणे अनेक ठिकाणी राहून जाते, आणि हीच चूक सर्वांत धोक्याची आहे.